'लीन', 'दीन' आणि 'गौरव' : फरक काय?

विचारणा

नमस्कार. मी कोल्हापूरची, शाहूपुरीत राहते. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत मला बायबलमधल्या, पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचायचा आहे. घरी सराव करताना आठव्या वचनात येशूविषयी 'त्याने स्वतःला लीन केले' असं आलं, आणि धाकट्या भावानं विचारलं, "लीन म्हणजे नम्रच ना? मग नम्र का नाही म्हटलं?" मला उत्तर देता येईना. सौम्य, दीन, लीन हे शब्द आमच्या प्रार्थनांत एकापाठोपाठ येतात आणि आम्ही ते एकाच अर्थानं म्हणून टाकतो. आणि यांच्यापुढे 'गौरव' कसा येतो? गौरव म्हटलं की मला शाल-श्रीफळच आठवतं.

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, राजारामपुरी)

ताई, भावाची शंका रास्त आहे. 'नम्र' हा 'नम्' धातूचा, म्हणजे वाकणे. जुन्या वाड्याच्या बुटक्या दारातून उंच माणूस वाकून आत येतो आणि आत आला की पुन्हा ताठ होतो. नम्रपणा असा क्षणापुरताही असू शकतो. 'लीन' हा 'ली' धातूचा: चिकटणे, मिसळून जाणे. तल्लीन, विलीन ही त्याचीच भावंडं. मीठ पाण्यात विरघळलं की वेगळं काढून दाखवता येत नाही, तसा हा शब्द. सातव्या वचनात 'स्वतःला रिक्त केले' असं आहे. जो रिकामा झाला त्याला 'नम्र झाला' म्हणणं तोकडं पडतं.

पत्रातल्या मूळ ग्रीक शब्दात मात्र ही विरघळण्याची छटा नाही, ती मराठीनं दिलेली. ग्रीकमध्ये नुसतं 'खाली आणणे' आहे, आणि त्यातला 'तापेइनोस' हा शब्द त्या समाजात हलक्या, गुलामी वृत्तीच्या माणसाला हिणवायला वापरत. हिणवण्याचा शब्द सद्गुणाचा व्हावा, ही त्या पत्राच्या वाचकांना केवढी उलथापालथ वाटली असेल!

'दीन' ही अवस्था आहे: हाती काही नाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं 'जे आत्म्याने दीन ते धन्य' म्हणजे आपल्याकडे काही नाही हे ज्यांना देवापुढे ठाऊक आहे ते. 'सौम्य' यांच्यापेक्षा सोपा, जो अंगावर धावून जात नाही तो. पण त्याच प्रवचनात त्याच्यापुढचं आश्वासन आपल्या गावात निराळं ऐकू येतं: सौम्य लोक 'पृथ्वीचे वतन भोगतील'. याच कोल्हापुरात १९१८ साली शाहू महाराजांनी महार वतन रद्द केलं. वतन म्हणजे कुणाचा हक्क आणि कुणाची वेठ, हे इथल्या घराघराला माहीत आहे. अशा ठिकाणी सौम्यांना वतन मिळणार हे वाक्य हलकं राहत नाही.

प्रतिसाद (परिचारिका, कदमवाडी)

सर, मला एक बोलायचंच आहे. वॉर्डात मार खाऊन आलेली बाई पाहते, आणि तिच्या उशाशी बसलेले नातेवाईक म्हणतात, "सोस, येशूनंही सोसलं." हे ऐकून माझं अंग पेटतं. तिला 'लीन हो' म्हणणं म्हणजे काय?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक)

ताई, वचनातला 'स्वतःला' हा शब्द पाहा. त्यानं स्वतःला लीन केलं. लीन होणं ज्याचं त्यानं करायचं असतं. दुसऱ्यानं एखाद्याला खाली दाबलं तर तो लीन होत नाही, दीन होतो. मारणाऱ्याच्या बाजूनं बोलायला 'लीन' हा शब्द वापरता येणार नाही, भाषेच्या नियमानंसुद्धा. तुमचा राग योग्य आहे.

उत्तर (पाळक, कागल)

सरांच्या म्हणण्याला जोडतो. आता 'गौरव'. संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड आणि त्याचं भाववाचक नाम 'गौरव', म्हणजे मुळात जडपणा, वजन. बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द 'काबोद', तोही 'जड असणे' याच धातूचा! ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'डॉक्सा' घेतला. तो 'वाटणे' या क्रियापदाचा, आधी मत आणि मग नावलौकिक. वजन तिथे थोडं हरवतं. मराठी 'गौरव' नकळत हिब्रूच्या शेजारी जाऊन बसला. हिंदीत 'महिमा' म्हणतात. तो मोठेपणा सांगतो, भार सांगत नाही, आणि आपल्याकडे तो अंबाबाईच्या महिम्यासारखा दैवी कीर्तीकडे झुकतो.

आता पौलाच्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडा. सतराव्या वचनात पौल संकटाला 'हलके' म्हणतो आणि पुढे येणाऱ्याला 'गौरवाचा भार'. फटके आणि तुरुंग भोगलेला माणूस संकटाला हलकं म्हणतो, तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे हे पाहून. शाल-श्रीफळाच्या गौरवाला वजन नसतं ताई, म्हणून तुम्हाला तो शब्द रिकामा वाटला.

वापराची एक गोष्ट. मराठीत 'मी माझा गौरव केला' असं कुणी म्हणत नाही, गौरव दुसऱ्यानं करायचा असतो. पुन्हा उठल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू शिष्यांना विचारतो, ख्रिस्तानं दुःखं सोसून आपल्या गौरवात जाणं अगत्याचं नव्हतं काय? गौरव 'मिळवणं' नाही, गौरवात 'जाणं'. वाट दुःखातून आहे, पण दुःख ही गौरवाची किंमत म्हणून मोजायची नाही. आम्ही प्रवचनात हे गाळतो, ती आमची चूक.

विचारणाकर्ती

सर, पाळकसाहेब, सिस्टर, मनापासून आभार. आता 'स्वतःला'वर जोर देऊन वाचते आहे. भावालाही मिठाचं पटलं. एकच विचारते, नववं वचन 'ह्यामुळे देवाने त्याला अत्युच्च केले' असं सुरू होतं. ते आठव्याला जोडून सलग वाचू की थांबू?

उत्तर (पाळक, कागल)

थांबा. 'वधस्तंभावरचे मरण' आणि 'लीन केले' इथपर्यंत कर्ता येशू आहे. 'ह्यामुळे'नंतर कर्ता देव आहे. मध्ये एक पूर्ण श्वास घ्या.