भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये सीपीयू फॅनचा आवाज येतो, अडीच हजारात शांत कूलर कुठला घेऊ?

पेटीवाला_फोंडा:
नमस्कार मंडळी. घरी डेस्कटॉप आहे, प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्यावर बॉक्समधूनच आलेला रेथ स्टेल्थ कूलर, तीन वर्षं झाली. बाबांची भजनं मी घरीच रेकॉर्ड करतो, चवथीच्या आधी दहा-बारा तरी पुरी करायची आहेत, बाबा ७८ चे आहेत आणि गळा अजून लागतोय तोवर व्हायला हवीत. खोली एकच, माइकपासून पीसी सहा फुटांवर, आणि नेमका आलाप चालू असताना फॅन घूंऽऽ करून चढतो, उतरतो, परत चढतो. छताचा पंखा तेव्हा बंदच ठेवावा लागतो, मग खोलीत ३२ च्या वर जातं. मिक्सडाउनला (सगळे ट्रॅक एकत्र करताना) सीपीयू ८८ डिग्री. सॉफ्टवेअरने आवाज काढून बघितला पण मग बाबांचा श्वाससुद्धा जातो, भजन कोरडं वाटतं. एका दुकानात विचारलं तर लिक्विड कूलरच घ्या म्हणाले. काय करू?

म्हापशेकर:
लिक्विडची तुम्हाला काहीच गरज नाही दादा. ५६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर, फुल लोडला सुद्धा साधारण ७६ वॉटच घेतो, तेवढ्याला चांगला एअर कूलर भरपूर झाला. शिवाय लिक्विडमध्ये पंप सतत चालू असतो आणि त्याची बारीक किणकिण शांत खोलीत माइकला लागते.

आधी फुकटातलं करा. फॅन चढतो-उतरतो त्याचं कारण असं की रायझनचं टेंपरेचर एखादा प्लगइन उघडला तरी सेकंदात दहा-पंधरा डिग्री उडी मारतं आणि बोर्ड लगेच फॅन पळवतो. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतं ते सेटिंग) फॅन कर्व्ह असतो, म्हणजे किती डिग्रीला फॅन किती पळवायचा ते, तिथे ६५ डिग्रीपर्यंत स्पीड एकच ठेवा, त्याच्या पुढे हळूहळू चढू द्या, आणि स्टेप अप टाइम (फॅन किती सावकाश चढतो तो वेळ) दिसला तर वाढवा. चढउतार बंद झाला की निम्मा त्रास जातो, कारण एकसारखा आवाज कानाला आणि माइकला तेवढा खुपत नाही. इको मोड पण लावून बघा, ४५ वॉटचा, त्यात प्रोसेसर कमी वीज घेतो. ऑडिओच्या कामात फरक फारसा जाणवत नाही.

डिचोलीकर_ताई:
वरचं सगळं बरोबर पण ३२ च्या खोलीत तो छोटा स्टेल्थ कुठवर पुरणार, कूलर बदलाच. मी डीपकूलचा एके४०० वापरते, चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिमीचा फॅन. मोठा फॅन कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) तेवढीच हवा ढकलतो म्हणून शांत, एकाच फॅनचा स्पीड निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे केवढा फरक बघा. पण त्याची उंची १५५ मिमी आहे, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी कॅबिनेटचं साइड पॅनल उघडून बोर्डपासून पट्टीने मोजा!! माझ्या भावाने न मोजता आणला होता, पॅनल लागलंच नाही. जागा कमी असली तर थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० एसई बघा, तो १४८ चा.

आणि जुना काढताना सरळ वर ओढू नका. तीन वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट घट्ट झालेली असते आणि एएम४ मध्ये (तुमच्या बोर्डावरचं सॉकेट) पिना प्रोसेसरलाच असतात, कूलरबरोबर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड चालवून गरम करा, मग पीसी बंद करून प्लग काढा, स्क्रू सैल करा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूच फिरवत सोडवा. बोर्डच्या मागची प्लेट एका हाताने धरा, स्टेल्थचे चार स्क्रू निघाले की ती पडते, आणि नवीन कूलरला तीच लागणार आहे.

मिरामार_किनारा:
एक आमच्या बाजूचं सांगतो. समुद्राजवळ खाऱ्या हवेने कूलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरते, फोंड्याला तेवढं नसेल पण पावसात दमट हवा आणि उन्हाळ्यात लाल धूळ तर आहेच. पीसी खिडकीखाली ठेवू नका, आणि दोन-तीन महिन्यांनी ब्रशने पट्ट्या साफ करा, तेव्हा फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरू देऊ नका.

पेटीवाला_फोंडा:
सगळ्यांना देव बरें करूं! आधी कर्व्ह बदलला, चढउतार थांबला पण मिक्सडाउनला ८८ च राहिलं. मग मोजलं, १६० मिमी जागा निघाली, एके४०० मागवला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे गरम करून फिरवला, तरी सुटायला पाच मिनिटं लागली आणि हात थरथरत होते. नवीन बसवताना फॅन आधी काढावा लागतो, नाहीतर स्क्रूपर्यंत स्क्रूड्रायव्हर जात नाही, हे पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आता मिक्सडाउनला ६९ आणि रेकॉर्डिंगला फॅन ६५० आरपीएमच्या आसपास. काल बाबांना हेडफोन लावून नवीन टेक ऐकवला, ते म्हणाले पहिल्यांदाच मागचा तंबोरा नीट ऐकू आला.