वर्गात मागं येऊन कोण बसलं? सातारा-सांगलीच्या शिक्षकांनी अनुभव लिहा

२०२४ च्या पवित्र पोर्टलच्या (शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट) भरतीतून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बरीच नवी मंडळी आली. कोणी परभणीहून, कोणी यवतमाळहून. कायम व्हायच्या आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६ हजार (२०२३ च्या आधी प्राथमिकला ६ हजारच होतं, ते दिवस काढलेले लोक इथं आहेतच), आणि पहिली शाळा कुठं तर डोंगरात, द्विशिक्षकी. डी.एड.ला घेतलेले पाठ तिथं पहिल्या आठवड्यातच संपतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय, तेही स्वतःच्या आवडीनुसार. तास भरतात. दीक्षा या सरकारी ॲपवर कोर्स होतात, प्रमाणपत्रं डाउनलोड होतात. पण तिसरीतल्या पोराचं हातच्याच्या वजाबाकीत नेमकं कुठं अडतंय हे आपल्याशेजारी बसून बघणारं माणूस त्या ५० तासांत बहुधा नसतं. ज्यांना असं माणूस भेटलं त्यांनी लिहा. ज्यांनी दुसऱ्याला हात दिला त्यांनीही लिहा. फसलेलं तर जरूर लिहा. शाळेचं आणि माणसाचं नाव नको, तालुका पुरे.

उपशिक्षिका, पाटण तालुका

माझी पहिली शाळा कोयनेच्या बाजूची. पहिली ते चौथी, पट विसाच्या आत, शिक्षक दोन. मुख्याध्यापक गुरुजी निवृत्तीला आलेले. मधे भिंत नव्हती, एक कपाट आडवं लावून दोन वर्ग केलेले, त्यामुळं माझं सगळं त्यांना ऐकू जायचं. सुरुवातीला ते काहीच बोलले नाहीत. मग एकदा स्वतःची मुलं लेखी कामाला बसवून माझ्या वर्गात मागं येऊन बसले. हातात जुन्या प्रश्नपत्रिकेचा पाठकोरा कागद.

संध्याकाळी वडापची (शेअर जीपची) वाट बघताना तो कागद मला दिला. त्यात माझ्याविषयी अक्षर नव्हतं. तीन मुलं निवडली होती आणि दर पाच मिनिटांनी ती काय करतायत ते टिपलं होतं. "११.१०, दाराजवळची मुलगी : गणित झालं, पाटी पुसली, परत तेच मांडलं. ११.१५ : पेन्सिलीला टोक. ११.२० : टोक. ११.२५ : शेजारणीच्या वेण्या." मी तिसरीला शिकवत होते आणि चौथीची ही मुलगी तेवढा वेळ रिकामी बसली होती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी ती.

"बाई, तुमचं शिकवणं चांगलंय. पण एका इयत्तेचं तोंडी काम सुरू करायच्या आधी दुसऱ्या इयत्तेच्या हातात काय दिलंय ते बघत जा," एवढंच म्हणाले. मग दोघांनी बसून टाचण, म्हणजे पाठाची रोजची लेखी तयारी, दोन रकान्यांचं केलं. डावीकडं तोंडी काम, उजवीकडं त्याच वेळी दुसऱ्या इयत्तेनं आपलं आपण करायचं काम, आणि खाली एक ओळ लवकर उरकणाऱ्यांसाठी. बहुवर्ग अध्यापनाचं प्रशिक्षण मला पुढं मिळालं, चांगलं होतं, जेवणही चांगलं होतं. टाचण मात्र अजून त्या रकान्यांचंच असतं.

निवृत्त केंद्रप्रमुख, कोरेगाव तालुका

केंद्रप्रमुख हे पद १९९४ साली आलं ते याच कामासाठी. साधारण दहा शाळांमागं एक माणूस. त्यानं शाळांत जायचं, वर्ग बघायचे, वेळ पडली तर स्वतः पाठ घेऊन दाखवायचा. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पदं रिकामी, एकाकडं दोन-दोन केंद्रांचा कार्यभार, आणि सकाळी सकाळी फोन, "यू-डायसची (शाळांच्या सरकारी आकडेवारीची) माहिती आज पाचपर्यंत." टपाल जास्त वाहिलं, वर्ग कमी बघितले. असो, हे गाऱ्हाणं झालं. कामाचं सांगतो.

शाळेत गेलं की चहा येतो आणि मागोमाग शेरेबुक. वर्ग बघायच्या दिवशी मी ते मागवायचं बंद केलं. शेरा लिहायचा तर वेगळ्या भेटीत, तोही पोषण आहार, अभिलेख, स्वच्छतागृह यांवर. ज्याच्या लेखी शेऱ्यावर उद्या नोटीस निघू शकते त्याच्यापुढं कुठला शिक्षक म्हणेल की मला भागाकार शिकवायला जमत नाही?

दुसरं, शिक्षण परिषद. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे जमतात, तिथं नमुना पाठ व्हायचा. यजमान शाळा आठवडाभर मुलांची तयारी करून घ्यायची. मुलं प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची, टाळ्या व्हायच्या, फोटो ग्रुपवर जायचा. मग ठरवलं, पाठ बाहेरच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यायचा, मुलं यजमान शाळेची, ओळख त्याच दिवशी. पहिले काही पाठ पार कोसळले. पण खरी चर्चा तेव्हापासूनच सुरू झाली, कारण चकचकीत पाठावर "छान झाला" याशिवाय कोणाला काय बोलता येणार? आणखी एक पथ्य होतं. पाठ घेणाऱ्यानं आधीच सांगायचं की माझं काय बघा. "माझे प्रश्न ठरावीक पोरांकडंच जातात का, बघा." बघणाऱ्यांनी तेवढंच टिपायचं. साडी, उच्चार, फळ्यावरचं अक्षर यांवर कोणी घसरलं की मी चहा मागवायचो.

शिक्षणसेवक, जावळी तालुका (मूळ गाव विदर्भात)

वरचं वाचून हेवा वाटला. माझा अनुभव उलटा आहे, पण धाग्यात फसलेलंही मागितलंय म्हणून लिहितो.

मला एक अनुभवी सर मार्गदर्शक म्हणून दिले होते. माणूस जाणकार, मदतीची इच्छा अस्सल. पण माझा तास चालू असताना मधेच उठून खडू हातातून घ्यायचे. "थांबा, मी दाखवतो." मुलांना म्हणायचे, "नवीन सर आहेत, शिकतायत अजून." दुसऱ्या दिवसापासून चौथीतली पोरं माझं काही ऐकायच्या आधी दाराकडं बघायला लागली, मोठे सर येतायत का म्हणून. सरांनी दाखवलेली भागाकाराची रीत माझ्यापेक्षा बरी होती, हे मान्य. पण तेच मधल्या सुट्टीत, मुलं नसताना सांगितलं असतं तर?

शिवाय ते प्रत्येक भेटीनंतर बऱ्याच सुधारणा सांगायचे. फलकलेखन, शैक्षणिक साधनं, आवाज, गटकार्य, वह्या. रात्री खोलीवर ती यादी वाचताना कुठून सुरुवात करावी तेच कळायचं नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख, कोरेगाव तालुका

सर, हे फार ठिकाणी होतं. चांगला शिकवणारा चांगला सोबती असतोच असं नाही. त्याला पोराचं अडलेलं बघवत नाही, तसंच तुमचंही बघवत नाही. एका भेटीत एकच गोष्ट, आणि तीही तुम्ही निवडलेली, असं त्यांना मोकळेपणानं सांगून बघा. राग आला तर येऊ दे, चार दिवसांत जाईल.

उपशिक्षक, वाळवा तालुका

कुमठे बीटचं (बीट म्हणजे काही केंद्रं मिळूनचा विभाग) नाव अजून कोणीच कसं काढलं नाही? सातारा तालुक्यातल्या त्या शाळा ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकायच्या पद्धतीसाठी, राज्यभर गाजल्या. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्या काळात कुठून कुठून शिक्षक गाड्या करून त्या बघायला जायचे. आम्हीही गेलो. बहुतेक जण फरशीवरच्या आखणीचे फोटो काढत होते. परत आल्यावर आमच्याकडं पेंटरला चांगलं काम लागलं, फरश्या रंगल्या, आणि पोरं त्या रंगीत फरशीवर बसून पूर्वीसारखंच एका सुरात पाढे म्हणू लागली.

मी दुसरीच्या एका वर्गात टेकलो होतो. एक मुलगी ५२ मधून २७ काढत होती. पुढ्यात काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या काढायच्या आणि आहेत दोन. ती अडली. आमच्यातले एक गुरुजी न राहवून म्हणाले, "गठ्ठा सोड की गं." वर्गाच्या बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. मुलीनं एक गठ्ठा उचलला, परत ठेवला, आमच्याकडं बघितलं, मग पुन्हा उचलून त्याचं रबर काढलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "रोज इथंच अडते. काल रडली होती."

फोटोंपेक्षा मला त्या बाईंचा नंबर कामाला आला. त्यानंतर माझ्या वर्गाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ त्यांना पाठवायचो. रात्री स्वयंपाक आवरला की त्या बघायच्या आणि व्हॉइस मेसेज यायचा. "सर, दीड मिनिटाच्या पुढं जरा थांबवून बघा. पोरानं तोंड उघडलंय आणि तुम्ही उत्तर देऊन मोकळे." कुठलाही आदेश नव्हता, मानधन नव्हतं, त्या आमच्या जिल्ह्याच्याही नव्हत्या.

माध्यमिक शिक्षक, सांगली शहर

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात मागं कोणी बसलेलं नाही. बोर्डाच्या परीक्षेतलं भरारी पथक सोडून. स्टाफरूममध्ये मार्गदर्शन भरपूर मिळतं : पगाराचं शालार्थ पोर्टल, एनपीएसची पेन्शन, जुनी करप्रणाली बरी की नवी. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीचं प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा सगळ्यांचे व्हिडिओ चालू होते आणि सगळे पेपर तपासत होते. पुढं बोला.

उपशिक्षिका, जत तालुका

मी मराठवाड्यातली. मिळालेली शाळा जतच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची, पण पहिलीतल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कन्नड. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी खडे मांडायचे, "आठ होते, तीन काढले, किती उरले?" मुलं गप्प. मी परत सांगायचे, जरा मोठ्यानं. परत गप्प. पुढं बैठकीत माझ्या वर्गाचा "अप्रगत" म्हणून उल्लेख झाला तेव्हा फार लागलं.

शेजारीच कन्नड माध्यमाची शाळा आहे. तिथल्या एक बाई, माझ्याहून लहान, पाण्याच्या टाकीपाशी भेटायच्या. त्यांना म्हटलं, एकदा येता का? त्या आल्या, मुलांत खाली बसल्या. मी खडे मांडले, तीन उचलले. मी विचारायच्या आत त्यांनी हळूच विचारलं, "एष्टु उळीतु?" चार पोरं एकदम, "ऐदु!" वजाबाकी त्यांना येत होतीच. नंतरचे काही महिने त्यांनी मला रोजच्या वापरातलं कन्नड शिकवलं. बा, कुंद्रु, एष्टु, नीरु. मी आधी कन्नडमध्ये विचारायचे, मग तेच मराठीत, मग मुलांकडून मराठीत. त्यांना पाचवीचा मराठी विषय जड जायचा, त्यासाठी त्या माझ्याकडं बसायच्या. मार्गदर्शक कोण आणि शिकणारं कोण, आम्ही कधी ठरवलं नाही. अनुभवी माणूसच पाहिजे असं वर सगळे धरून चाललेत, म्हणून लिहिलं.

उपशिक्षिका, खटाव तालुका (निवृत्तीला दोन वर्षं)

जतच्या बाईंना दुजोरा. आमच्या शाळेतला शिक्षणसेवक मला ॲपवर माहिती भरून देतो, न चिडता. मी त्याच्या पहिलीतल्या वाचनाला अडलेल्या पोरांना घेऊन बसते आणि तो बघतो. हिशेब चुकता.

गणित शिक्षक, तासगाव तालुका, माध्यमिक

मागं बसणं माध्यमिकला खरंच अवघड आहे. मोकळा तास कागदावर असतो, प्रत्यक्षात कोणीतरी रजेवर आणि आपण बदली तासाला. म्हणून आम्ही दोघा गणितवाल्यांनी दुसरी वाट काढली. वर्ग नाही तर वह्या.

सहावीचे अपूर्णांक. एकच उदाहरण दोन्ही तुकड्यांना दिलं : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. वह्या स्टाफरूमच्या टेबलावर ओतल्या आणि चुकलेल्यांचे गठ्ठे केले, मार्क न देता. एक गठ्ठा दोन पंचमांशवाल्यांचा, म्हणजे वर वर बेरीज, खाली खाली बेरीज. दुसऱ्यातल्यांनी छेद सहा केला पण अंश तेच ठेवले, उत्तर दोन षष्ठांश. तिसऱ्यात गुणाकार करून एक षष्ठांश. माझ्या तुकडीत पहिला गठ्ठा जाड, त्यांच्या तुकडीत दुसरा. त्यांनी छेद समान करायची रीत आधी शिकवली होती, मी चित्रांवर रेंगाळलो आणि रीतीपर्यंत नीट पोचलोच नव्हतो. मग पुढच्या घटकाला अदलाबदल केली. त्यांनी माझ्या तुकडीला रीत, मी त्यांच्या तुकडीला कागदाच्या घड्या.

गोष्ट छोटी आहे. पण 'तुमचा वर्ग कच्चा' असं कोणी कोणाला म्हणायची वेळ आली नाही, कारण टेबलावर दोघांच्याही वह्या होत्या. मुख्याध्यापकांना हे आवडलं आणि त्यांनी सगळ्या विषयांना लागू करून त्याचा मासिक तक्ता मागितला. तेव्हापासून आम्ही वह्या घरी नेऊन बघतो.

शिक्षणसेविका, वाई तालुका

सगळं वाचलं. एक साधी शंका. मला दुसऱ्या शाळेतल्या बाईंना माझ्या वर्गात बोलवायचं असेल तर परवानगी लागते का? की उगाच चर्चा होईल?

निवृत्त केंद्रप्रमुख, कोरेगाव तालुका

आधी तुमच्या मुख्याध्यापकांना सांगा. त्या बाईंच्या शाळेतून सुटका होण्यासाठी तुमच्या केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. शिक्षण परिषद तुमच्याच शाळेत असेल तो दिवस सगळ्यात सोपा, त्या येणारच असतात, तासभर आधी बोलवा. चर्चा होईल, होऊ दे. पहिल्या वेळी अवघड घटक काढू नका, रोजचाच तास दाखवा. आणि काय बघायचं ते त्यांना आदल्या दिवशी फोनवर सांगा, वर्गाच्या दारात नको.

शिक्षणसेविका, वाई तालुका

ठीक आहे सर. वाईच्या आसपास पहिलीला शिकवणाऱ्या कोणी ताई हा धागा वाचत असतील तर कळवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मीच येते, वर्ग नंतर बघू. माझ्याकडं जोडाक्षरांना अडलेली सात मुलं आहेत, त्यांच्या वह्या घेऊन येईन.