मदत हवी आहे: पायथॉनमध्ये मराठी शब्द अक्षरांनुसार तोडताना ‘ऱ्या’ फुटतो

‘दुसऱ्या’ची लांबी लेन() ७ सांगते, डोळ्यांना अक्षरं दिसतात ३. कारण पायथॉन युनिकोडचे कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेला वेगळा क्रमांक) मोजतो: द, उकार, स, ऱ, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), य, काना. त्यामुळे [::-१] ने शब्द उलटवला की काना-मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात.

सध्याचा लूप असा: युनिकोडडेटा मॉड्यूलच्या कॅटेगरी() चं उत्तर ‘एम’ने (म्हणजे काना-मात्रेसारखं जोडचिन्ह) सुरू झालं, किंवा आधीचा कोडपॉइंट हलन्त असेल, तर चिन्ह मागच्या गटाला जोडायचं. (त्याच मॉड्यूलचं कंबाइनिंग() इथे निरुपयोगी, कान्यासाठी ते ० देतं.) ‘क्षमा’, ‘स्त्री’ नीट तुटतात.

अडचणी दोन. जुन्या फायलींत ‘ऱ्या’ हा र, हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह, कोडपॉइंट २००डी) आणि ‘या’ असा टंकलेला आहे. तिथे य वेगळा पडतो. नॉर्मलाइझ() ला ‘एनएफसी’ (सुटी चिन्हं जोडून एकच प्रमाण रूप करण्याचा पर्याय) देऊन फक्त र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) हे रूप ऱ होतं, जोडक तसाच राहतो. दुसरी, ‘अर्थात् तो’मध्ये हलन्तानंतरची मोकळी जागाही गटात ओढली जाते.

र-हलन्त-जोडक हा क्रम आधीच रिप्लेस() ने ऱ-हलन्त करणं सुरक्षित आहे का? की रेजेक्स मॉड्यूलचा \एक्स (डोळ्यांना दिसणारं एक अख्खं अक्षर पकडणारी खूण) वापरावा? युनिकोड १५.१ पासून जोडाक्षरं एकत्र ठेवण्याचा नियम आहे. तो रेजेक्सच्या कोणत्या आवृत्तीपासून लागू होतो?