बिफोर नाइट फॉल्स : यातलं खरं किती बे?

धरमपेठचा_पोट्टा:
काल लाइट गेली, कूलर बंद, मंग लॅपटॉपवर डाउनलोड करून ठेवलेला हा पिक्चर लावला. क्यूबातला लेखक रेनाल्दो अरेनास, गे असतो, क्रांती झाली तेव्हा तोही खुश आणि मंग त्याच सरकारचे पोलीस त्याच्या मागे. माझा रूममेट बोलून राहिला का हा सगळा अमेरिकेचा प्रचार आहे, तिथे शाळा-दवाखाने फुकट, कोणी कोणाला उचलून नेत नाही. खरं काय? आणि सव्वादोन तासांचा पिक्चर, बॅटरी मेली तेव्हा तो बोटीसाठी लायनीत उभा होता, पुढं सांगा.

तर्री_जास्त:
शाळा-दवाखाने खरे आणि हेही खरंच, त्यात भांडायचं काय. १९६५ ते ६८ युमाप नावाच्या छावण्या होत्या, गे लोकांना, धार्मिक लोकांना 'सुधारायला' शेतात राबवत. २०१० मध्ये क्रांतीचा नेता फिदेल कॅस्ट्रो स्वतः मेक्सिकोच्या एका पेपरला बोलला का जबाबदारी माझीच. रूममेटला अजून कोणाची साक्ष पाहिजे?
अरेनास एल मोरो किल्ल्याच्या जेलात होता, १९७४ पासून. तिथे कैद्यांना बायकांसाठी पत्रं लिहून द्यायचा, त्याच्यावरच निभावलं. क्यूबात त्याची एकच कादंबरी छापली, बाकी हस्तलिखितं चोरून फ्रान्सला जायची, सरकारला खरा राग त्याचा होता.

सदरचा_वाचक:
पिक्चरच्या नावाचं कोणीच सांगितलं नाही. फरार असताना तो हवानाच्या लेनिन पार्कात झाडीत लपून आत्मचरित्र लिहीत होता, लाइट नाही, म्हणून रात्र पडायच्या आत जेवढं होईल तेवढं. अंबाझरीला एक रात्र असं राहून दाखवा, मच्छरच खाऊन टाकतील. ते लिखाणही गेलं, न्यूयॉर्कात आजारपणात टेपवर बोलून परत केलं.
आणि लायनीतलं, १९८०, क्यूबातलं मारिएल बंदर, तिथून लोकांना बोटीनं अमेरिकेला जाऊ देत होते. यादीत अरेनासला सोडू नका असं होतं, पठ्ठ्यानं पासपोर्टवर ई (e) चा आय (i) करून अरिनास केलं आणि निघाला. एका अक्षरावर!

बुटीबोरी_एक्सप्रेस:
जॉनी डेपचा डबल रोल आहे हे किती जणांना समजलं? मला तर दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा. अरेनास झालेल्या हावियेर बार्देमला ऑस्कर नॉमिनेशन होतं, द्यायलाच पाहिजे होतं.

धरमपेठचा_पोट्टा:
लाइट आली. रूममेट कॅस्ट्रोचं वाचून गप्प बसला आहे, आता म्हणतो शेवट सोबत पाहू.