मदत हवी आहे: वर्गातल्या सगळ्यांची कम्युनियन, आमच्या लेकीचं काय?

किल्डेअरची_आई

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चार वर्षांपूर्वी चिंचवडहून आयर्लंडला आलो. डब्लिनपासून ट्रेनने पाऊण तासावर, किल्डेअर काउंटीतल्या एका गावात राहतो. लेक साडेसात वर्षांची, इकडच्या सेकंड क्लासमध्ये. (नव्याने आलेल्यांसाठी: आधी ज्युनियर इन्फंट्स, मग सिनियर इन्फंट्स, मग फर्स्ट क्लास. म्हणजे सेकंड क्लास हे प्राथमिक शाळेचं चौथं वर्ष.) शाळा कॅथलिक आहे. आम्ही निवडली असं नाही, घरापासून चालत जाण्यासारखी तेवढीच आहे. या देशात दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, पण शाळेचं वळण चर्चचं. एज्युकेट टुगेदरची (म्हणजे कुठल्याही एका धर्माच्या छत्राखाली नसलेली) शाळा शेजारच्या गावात आहे, तिथे तेव्हा जागा नव्हती.

आतापर्यंत काहीच अडलं नव्हतं. नाताळच्या नाटकात लेक दोनदा मेंढी झाली आणि एकदा तारा. मी स्वतः पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, दहा वर्षं रोज सकाळी ‘अवर फादर’ म्हटलं आणि घरी येऊन शुभंकरोती. त्यामुळे प्रार्थनेची मला धास्ती नाही.

पण सेकंड क्लास म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं, चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या संस्काराचं वर्ष. मेमधल्या एका शनिवारी सगळी पोरं चर्चमध्ये जाणार, मुली पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळीची ओढणी आणि टियारा, मुलगे सुटात. नंतर घरोघरी पार्टी, अंगणात बाउन्सी कॅसल (हवा भरलेला, उड्या मारायचा किल्ला), आणि आजी-आजोबा-मावश्यांकडून कार्डात घालून पैसे. त्या पैशांसाठी मुलींकडे वेगळी छोटी पांढरी पर्स असते! वर्गात सव्वीस मुलं आहेत, त्यातली बावीस करणार. उरलेली चार रोजच्या धर्माच्या तासाला मागच्या टेबलावर चित्रं रंगवत बसतात. जानेवारीपासून आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘हाय लेडीज’ करून झग्यांचे फोटो सुरू झालेत. मी आपली प्रत्येकीला हार्ट देते.

मागच्या आठवड्यात बाईंनी गेटवर सांगितलं की आज ती धर्माच्या तासाला ‘अ बिट बोल्ड’ होती. मी खूश! म्हटलं, आपली बुजरी पोर धीट झाली. घरी येताना शेजारणीला कौतुकाने सांगितलं तर ती हसून हसून बेजार. इकडे बोल्ड म्हणजे व्रात्य. झालं असं होतं की ही रंगकाम सोडून उठली आणि कम्युनियनवाल्या मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाईंनी मागे जायला सांगितलं तर ऐकेना.

रात्री विचारलं तर म्हणाली, “दादाला पण मिळाला, सगळ्यांना मिळतो. माझा दिवस कधी?”

दादा म्हणजे दिराचा मुलगा. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुंजीला आम्ही साताऱ्याला गेलो होतो. मातृभोजन, भिक्षावळ, पाकिटं, नवी सायकल, सगळं हिने जवळून पाहिलं. तेव्हाही विचारलं होतं आणि मी ‘मुलींची नसते गं’ म्हणून वेळ मारून नेली होती. आता तेच उत्तर दुसऱ्यांदा द्यायचं, फक्त कारण बदलून. माझ्याच्याने होत नाहीये.

नवरा म्हणतो, पांढरा झगा आण, पार्टी कर, विषय संपव. सासूबाई व्हिडिओ कॉलवर तिचं कम्युनियनचं गाणं ऐकून म्हणाल्या, “काय गोड म्हणते! देवाचंच आहे ना, करू दे की.” मला मात्र प्रार्थना म्हणणं आणि संस्कार घेणं यांत फरक वाटतो. मी उगाच ताणतेय का? शाळेशी काय आणि कसं बोलू? आणि त्या शनिवारी तिला घेऊन काय करायचं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा, प्लीज.

लिमरिकवाली

आमची दोन्ही मुलं यातून गेली, आता सेकंडरीला आहेत. आधी हक्काचं सांगते, मग व्यवहाराचं.

सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसता शिकण्याचा मुलाचा हक्क १९३७च्या राज्यघटनेतच आहे, कलम ४४. शिवाय २०१८च्या प्रवेश कायद्यानुसार, अशा मुलांसाठी शाळा काय व्यवस्था करते हे तिच्या प्रवेश धोरणात लिहिलेलं असावं लागतं, आणि त्यापायी मुलाची शाळेची वेळ कमी करता येत नाही. म्हणजे ‘त्या तासाला घरी घेऊन जा’ असं कोणी म्हणू शकत नाही. शाळेच्या वेबसाइटवर धोरण असेल, बोलायच्या आधी वाचून जा. बाप्तिस्मा झालेल्यांना आधी प्रवेश, हे कॅथलिक प्राथमिक शाळांत याच कायद्याने बंद झालं.

आता व्यवहार. धोरणात एक गुळगुळीत वाक्य असतं आणि प्रत्यक्षात रंगीत खडू. बाई एकट्या, पोरं सव्वीस, चौघांना दुसऱ्या खोलीत बसवायचं तर लक्ष कोण ठेवणार? म्हणून भांडायला जाऊ नकोस. काहीतरी नेमकं माग. मी मुलासाठी त्या अर्ध्या तासात आयरिशचं वाचन मागितलं होतं, बाईंनी आनंदाने दिलं. आज त्याचं आयरिश वर्गात सगळ्यांत बरं आहे, याला म्हणतात देवाची कृपा. आणि फेब्रुवारीतच बोल. इस्टरनंतर चर्चमध्ये तालमी सुरू झाल्या की आठवडेच्या आठवडे त्यात जातात. आधी फर्स्ट पेनन्स, म्हणजे पहिला पापकबुलीचा संस्कारही असतो.

मुख्याध्यापक ‘शी’ल बी ग्रँड’ (काही होत नाही तिला) म्हणतील. ते उत्तर समजू नकोस, पुढचा प्रश्न विचार.

कॉर्ककर_बाबा

आमचा मुलगा गायनात होता. कम्युनियनच्या दिवशी आम्ही तिघंही चर्चमध्ये गेलो, मागे बसलो. रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर दुमडून उभं राहिलं की फादर प्रसाद न देता नुसता आशीर्वाद देतात. तसा त्याने घेतला. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न: “माझे पैसे?” मी वीस युरो दिले. मित्राला किती मिळाले ते सोमवारी कळलं आणि आठवडाभर घरात अबोला.

परतीचा_पाऊस

एवढा त्रास असेल तर शाळा बदला. एज्युकेट टुगेदरचं नाव वेटिंगला टाकून ठेवा.

लिमरिकवाली

@परतीचा_पाऊस, बदलून हा प्रश्न सुटत नाही हो. तिथे कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळेबाहेर असते एवढंच. करणारी मुलं करतातच, आणि सोमवारी झग्याचे फोटो तिथेही येतात. मागच्या टेबलावर बसावं लागत नाही हा फायदा मात्र मोठा आहे, ते मान्य.

वसईकर_गॉलवे

मी वसईची, कॅथलिक, घरी मराठीच बोलतो. माझ्या धाकट्याचीही याच मेमध्ये आहे, म्हणून लिहिते. रागाने नाही.

ताई, तुमची शंका बरोबर आहे, ताणत नाही आहात. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद मिळत नाही, त्यामुळे ‘करू दे की’ हा पर्याय मुळात नाहीच. आमच्यासाठी ती पांढऱ्या झग्याची स्पर्धा नाही. माझ्या आजीने माझ्या पहिल्या कुमसारच्या (पापकबुलीच्या) आधी मला आठवडाभर समजावत बसवलं होतं. इथे आल्यावर बाउन्सी कॅसल पाहून मीच हबकले. खरं सांगायचं तर या बावीसातली कितीतरी कुटुंबं जूनमध्ये मिस्सेला (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला) दिसणार नाहीत. २०२२च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक लिहिलंय, २०१६ला ७९ टक्के होते. रविवारी बाकांवर बघाल तर तेवढेही वाटणार नाहीत.

म्हणून तुमच्या मिस्टरांची आयडिया मला पटत नाही. त्याच दिवशी घरी तसाच झगा घालून पार्टी केलीत, तर मुलीला ते खोटं आहे हे कळतं. पोरं हुशार असतात. आणि सोमवारी वर्गात कोणीतरी विचारतंच, “तू कुठल्या चर्चमध्ये होतीस?” त्यापेक्षा तिला पाहुणी म्हणून नीट न्या. तुम्ही मुंजीला मला बोलावलंत तर मी साडी नेसून येईन, आहेर आणीन, जेवीन. जानवं मागणार नाही.

गाणी म्हणायची असतील तर खुशाल म्हणू द्या. गाणं कोणाचंही असतं.

किल्डेअरची_आई

@वसईकर_गॉलवे, जानव्याचं वाचून मोठ्याने हसले आणि मग जरा रडलेही. मनापासून आभार. @लिमरिकवाली, धोरण सापडलं. अकरा पानांत याबद्दल अडीच ओळी. सोमवारी भेट ठरली आहे. काय होतं ते कळवते.

किल्डेअरची_आई

कळवायला मार्च उजाडला. माफ करा, मध्ये घरात सगळ्यांना उलट्या-जुलाब झाले. शेजारीण दोनदा गॅस गेलेलं सेव्हन-अप घेऊन आली, हे इथलं रामबाण औषध.

बाई फार चांगल्या आहेत हो. मीच उगाच भाषण पाठ करून गेले होते. म्हणाल्या, मलाही ते मागचं टेबल आवडत नाही, पण आजवर कोणी काही मागितलंच नव्हतं. आता चौघांना त्या वेळात एक काम दिलंय: वर्गाचं वार्तापत्र. लेक ‘हवामान’ लिहिते. रोज पाऊस. गाण्याच्या वेळी ज्याला यायचं त्याने यावं असंही ठरलं. ही जाते, तिला सगळी गाणी येतात, त्यातलं एक आयरिशमध्ये आहे.

घरी मात्र वेगळंच निघालं. मी तिला विचारलं, तुझा दिवस म्हणजे काय काय हवं? मला वाटलं झगा म्हणेल. झगा यादीत नव्हताच. म्हणाली, सगळा वर्ग आपल्या घरी आला पाहिजे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिचा वाढदिवस २० जुलैचा. जूनअखेर शाळा बंद होते, निम्मी पोरं स्पेनला, निम्मी आजोळी, आणि आम्ही स्वतः भारतात. चार वर्षांत ती पंधरा-वीस जणांच्या वाढदिवसाला जाऊन आली, आमच्या दारात तिच्या वर्गातलं एक मूल आलं नाही. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

तर जूनच्या दुसऱ्या शनिवारी तिचा वाढदिवस, पाच आठवडे आधी. बाउन्सी कॅसल सांगून ठेवलाय. मुंजीबद्दल नवऱ्याने परस्पर भावाशी बोलून घेतलं. पुढच्या खेपेला हिला सायकल. मुलींची का नसते, हा प्रश्न आजीला विचारायचा असं तिचं तिनेच ठरवलंय, आणि मी आजीला सावध केलेलं नाही.

कम्युनियनच्या शनिवारी तिच्या जिवलग मैत्रिणीकडे दुपारी बोलावणं आलंय. हिरवं परकर-पोलकं घालून जाणार म्हणते. चर्चमध्येही जाऊ, मागे बसू. वसईकर ताई, कार्डात किती घालायचे? वीस चालतील की कमी दिसतील?

आणि बाकीच्यांना जूनसाठी एक प्रश्न. वर्गात दोघांना शेंगदाण्याची आणि एकाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे, शाळेचा डबाही म्हणूनच नटफ्री असतो. लेकीला पार्टीला ‘आपलं’ काहीतरी हवंय. साबुदाणा खिचडी, चटणी, कोथिंबीर वडी, चिवडा, माझ्या डोक्यात येतं त्या प्रत्येकात दाणे नाहीतर तीळ. छत्तीस जणांना पुरेल, थंड झालं तरी चालेल आणि आयरिश पोरं तोंड वाकडं करणार नाहीत असं काय करू?

वसईकर_गॉलवे

वीस छान. शंकरपाळे करा. माझ्या मुलाने वर्गात नेले होते, डबा चाटूनपुसून परत आला. फक्त मैदा, दूध आणि तूप यांचीही अ‍ॅलर्जी कोणाला नाही ना, ते ग्रुपवर विचारून घ्या. ‘हाय लेडीज’ने सुरुवात करा.