सागाचं बी आणि जड्या: टेट्राझोलियमचा रंग वाचायचा कसा?

प्रश्न (बीजवाफा): सागाचं दोन वर्षं जुनं बी जूनमध्ये पेरण्याआधी तपासतोय. टेट्राझोलियममध्ये (जिवंत पेशींना लाल रंग देणारं रसायन) काही दाणे लाल, काही जांभळट, काही पांढरे निघाले. जांभळट दाणे जिवंत धरायचे का? जड्यांनाही (लागवडीसाठी छाटलेले, थोडं खोड ठेवलेले मुळांचे तुकडे) हीच चाचणी चालेल?

उत्तर (सामू७): जांभळट दाणे जिवंत धरू नका. तो बहुधा चेचलेला किंवा सडू लागलेला भाग असतो. निरोगी पेशींचा लाल रंग एकसारखा असतो आणि दाणा घट्ट राहतो. रंग किती चढला यापेक्षा कुठे चढला हे बघा. आदिमूळ, आदिकोंब आणि बीजपत्रांचा सांधा लाल हवाच. बाकी सगळा दाणा लाल आणि आदिमुळाचं टोक पांढरं, तर तो दाणा मेलेलाच मोजायचा.

आपण ज्याला बी म्हणतो ते सागाचं फळ. आत चार कप्पे, त्यातले बरेच पोकळ. फळ अडकित्त्यात धरून हळूहळू दाबा. हातोडीने दाणा चेचतो आणि रंग फसवतो. दाणे 18 ते 24 तास पाण्यात भिजवा, साल काढा. 100 मिली फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) अर्धा ग्रॅम टेट्राझोलियमची पावडर, सामू (pH) 6.5 ते 7.5. साध्या पाण्यात द्रावण आम्लधर्मी होतं आणि रंग फिका येतो. दाणे त्यात 30 अंशांवर, पूर्ण अंधारात 24 तास ठेवा. उजेडात द्रावण आपोआप लाल होतं. 25-25 फळांचे चार गट करा आणि निदान एक जिवंत दाणा असलेली फळं मोजा.

उत्तर (मूळखोड): जड्यांनाही चालते. गळ्याखाली (खोड आणि मूळ जुळतात त्या जागेखाली), मध्ये आणि टोकाजवळ एक-दोन मिलीमीटरच्या चकत्या काढा. साल आणि लाकूड यांमधलं कड्यासारखं वर्तुळ लाल व्हायला हवं. मधलं लाकूड फिकट राहिलं म्हणून जडी फेकू नका, तिथे बऱ्याच पेशी मुळात मृतच असतात. सोबत एक उकळलेली चकती ठेवा. तीही लाल झाली तर द्रावण बिघडलंय किंवा त्यात जिवाणू वाढलेत. चकतीवर नुसते लाल ठिपके दिसले तर बुरशीचा संशय घ्या.

उत्तर (नीलरंग): पडताळ्याला इंडिगो कारमाइन हा निळा रंग वापरा, 0.1 टक्के, एक-दोन तास. त्याचं उलटं असतं: मेलेला भाग निळा होतो, जिवंत भाग रंग घेत नाही. आणि एक, टेट्राझोलियम सुप्तावस्थेतलं बीही जिवंतच दाखवतं. म्हणून 60 टक्के लाल आलं तरी वाफ्यावर तेवढं उगवेल असं धरून रोपांचा हिशोब मांडू नका. आधी बी आलटून पालटून भिजवा आणि उन्हात वाळवा.