तत्काळ पासपोर्टला ‘कारण दाखवा’ अशी अट हवी का?

वनिता_कोथरूड

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या पासपोर्टचं नूतनीकरण करायला पासपोर्ट सेवा केंद्रात गेले होते. त्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या एका काकांमुळे हा धागा काढते आहे.

साठीच्या आसपासचे असतील. मांडीवर कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लॅमिनेट केलेलं आधार, मतदार ओळखपत्र, पॅन आणि त्यांच्या झेरॉक्स. मुलगा शारजात बांधकामावर परांचीवरून पडला होता, दवाखान्यात होता. यांनी आयुष्यात पासपोर्ट काढलेला नव्हता. तालुक्याच्या गावी नेटवाल्या पोराकडे चार दिवस रोज जाऊन बसले. तत्काळच्या तारखा उघडायच्या आणि काही मिनिटांत संपायच्या. पाचव्या दिवशी मिळाली ती आमच्या शहरातली. रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे उतरले होते. टोकनचा आकडा पडद्यावर बदलला की दर वेळी हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघायचे. आकडे वाचता येत होते, पण घशाला कोरड पडली होती. मला म्हणाले, “ताई, हे आज झालं नाही तर पुन्हा तारीख कधी मिळंल?”

त्यांच्या पलीकडे एक जोडपं दोन मुलांना घेऊन आलं होतं. बालीला निघाले होते, तिकिटं चार महिन्यांपूर्वी सवलतीत काढलेली. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि दोन्ही मुलांची मुदत संपलेली. निघायला अकरा दिवस राहिले तेव्हा ते लक्षात आलं. माणसं चांगली होती, त्यांनीच काकांना पाण्याची बाटली दिली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांनी दोन तारखा घेतल्या आणि काकांना त्यासाठी चार दिवस थांबावं लागलं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

आज तत्काळसाठी घाईचा पुरावा मागत नाहीत. यादीतली तीन कागदपत्रं आणि नेहमीच्या १५०० रुपयांवर आणखी २००० रुपये, एवढं असलं की कुणालाही अर्ज करता येतो. माझं म्हणणं असं की कारण विचारा. दवाखान्याचा कागद, घरातला मृत्यू, परीक्षा, नोकरीवर रुजू होण्याचं पत्र असेल तर आधी नंबर. सहलीची तारीख महिनोन् महिने आधी ठाऊक असते. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ज्यांनी तो केला नाही, त्यांनी साध्या रांगेत उभं राहावं.

---

रानवाटा

वनिताताई, काकांची हकीकत वाचून पोटात कालवलं. तरीही तुमच्या उपायाला माझा ठाम विरोध आहे, आणि तो त्या काकांसाठीच आहे.

कारण विचारायचं म्हटलं की कारण तपासणारा माणूस आला, त्याचं टेबल आलं, त्याच्यासमोरची रांग आली. शारजाच्या दवाखान्याचं पत्र काका कुठून आणणार? मुलगा बेशुद्ध, मुकादम फोन उचलत नाही, आलाच कागद तर अरबीत. तो कागद खरा की खोटा हे ठरवेपर्यंत आणखी आठवडा जाईल. बालीला जाणाऱ्या कुटुंबाला मात्र ओळखीच्या डॉक्टरकडून पत्र आणणं किंवा कंपनीच्या लेटरहेडवर काही लिहून घेणं एका दुपारचं काम आहे. अट आली की ज्याच्याकडे माणसं आहेत तो सुटतो आणि ज्याच्याकडे प्लास्टिकची पिशवी आहे तो अडकतो.

२०१८ च्या आधी तत्काळसाठी वरिष्ठ अधिकाऱ्याचं पडताळणी प्रमाणपत्र लागायचं. माझ्या वडिलांनी त्यासाठी काय काय केलं ते मी पाहिलंय. ते शिक्षक होते. ओळखीतला तसा अधिकारी कुणी नव्हता. एकाच्या बंगल्यावर तीन वेळा गेले, साहेब दौऱ्यावर. शेवटी आईच्या मावसभावाच्या साडूकडून सही मिळाली. वडील त्या दिवशी घरी येऊन एक शब्दही बोलले नाहीत. ती अट गेली तेव्हा मला खरंच मोकळं वाटलं होतं. ती दुसऱ्या नावानं परत आणू नका.

---

दुबईकर_सातारी

मी वनिताताईंच्या बाजूनं.

चौदा वर्षं इकडे आहे. असे प्रसंग वर्षातून दोन-तीनदा समोर येतात. इथं कुणाला काही झालं की गावाकडे पहिला प्रश्न जातो, घरात पासपोर्ट कुणाकडे आहे? व्हिजिट व्हिसाच्या अर्जाला पासपोर्टची प्रत लागते. ती हातात येईपर्यंत व्हिसा नाही, तिकीट नाही, काही नाही. आम्ही इकडे वर्गणी काढून पैसे गोळा करून बसलेलो असतो आणि तिकडे तारीख मिळत नाही म्हणून सगळं ठप्प. आमच्या कॅम्पमधल्या एका पोराची आई तो गेल्यानंतर दोन दिवसांनी पोचली. हे लिहितानाही हात जड होतोय.

त्यामुळे ‘कारण तपासणं अवघड आहे’ हे मला पटत नाही. अवघड असेल, पण करायला हवं. आणि कागद अरबीत असला तरी पुष्कळदा सोबत इंग्रजीही असतं, हे रानवाटांनी लक्षात घ्यावं.

---

कागदोपत्री

तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवतो. वनिताताईंनी लिहिलेला ‘नेटवाला पोरगा’ म्हणजे मीच समजा. दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या टेबलावरून वेगळंच दिसतं.

तारीख मिळाल्यावरही माणसं परत येतात, ती नावामुळे. आधारवर ‘शांताबाई’, पॅनवर ‘शांता’, मतदार ओळखपत्रावर आडनावच वेगळं. तत्काळला तीन कागद लागतात आणि तिन्ही कागद तीन माणसांचे वाटतात. केंद्रात ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बी काउंटरवर अधिकारी कागद वाचतात आणि गाडी तिथं अडते. अर्ज प्रलंबित राहतो, कागद दुरुस्त करून पुन्हा यायचं. घाईचे सगळे दिवस यातच जातात.

दुसरी चूक आडनावाच्या रकान्याची. घाईत भरणारे ‘दिलेलं नाव’ या रकान्यात पूर्ण नाव टाकतात आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडतात. पासपोर्ट तसाच छापून येतो. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणं थांबवलं, तेव्हा अशी किती तरी माणसं माझ्याकडे रडत आली. आपल्या पद्धतीनं पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात आडनाव. हे दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट, तत्काळमध्ये पहिला पासपोर्ट बहुतेकदा पोलीस पडताळणीच्या आधीच निघतो, केंद्रात गेल्याचा दिवस सोडून तिसऱ्या कामाच्या दिवशी. पडताळणी मागून होते. माणूस तोवर परदेशात. हवालदार घरी येतात, दाराला कुलूप, शेजारी म्हणतात माहीत नाही. अहवाल तसा गेला की कार्यालयाकडून खुलासा मागणारी नोटीस येते. म्हणून निघण्याआधी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. शक्य असेल तर ठाण्यात जाऊन स्वतः भेटून या.

कारणाची अट हवी की नको यावर माझं मत रानवाटांसारखं. मी रोज ‘कारणाचे’ दाखले बनताना बघतो.

---

अपर्णा_ल

आपण सगळे त्या काकांना आणि बालीच्या कुटुंबाला एकमेकांसमोर उभं करतोय. दोघंही नागरिक आहेत, दोघांनीही पैसे भरलेत. तारखा कमी का आहेत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

नूतनीकरणाला पोलीस पडताळणी लागत नसेल तर साधा पासपोर्टही आठवड्या-दीड आठवड्यात हातात येतो. वेळ जातो तो केंद्रातली तारीख मिळेपर्यंत. साधी तारीख परवाची मिळाली तर बालीवाले २००० रुपये जास्त कशाला भरतील? २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं सुरू झाली ती याचसाठी. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तत्काळची सोय नाही आणि दिवसाला मोजकेच अर्ज घेतात. तिथं माणसं वाढवा, यंत्रं वाढवा. रांग लांब असताना रांगेतल्यांनी एकमेकांचं कारण तपासत बसायचं, हे मला मान्य नाही.

आणि सहल म्हणजे चैनच, हेही सोडून द्या. मी नर्स आहे. मला रजा मंजूर झाल्याचं तीन आठवडे आधी कळतं. नऊ वर्षांत एकदा आईला घेऊन सिंगापूरला गेले. तिचा पासपोर्ट चार महिन्यांनी संपणार होता आणि तिकडे जायला सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, हे मला निघण्याच्या वीस दिवस आधी समजलं. तत्काळ नसतं तर ती सहल झालीच नसती. आईला त्यानंतर गुडघ्यांमुळे कुठंच जाता आलं नाही.

---

वनिता_कोथरूड

अपर्णाताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. ‘साध्या रांगेत उभं राहावं’ हे मी फार तोडून लिहिलं, ते मागे घेते.

रानवाटा, तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं. सही मागत फिरणं काय असतं ते माझ्या घरातही झालंय. तरी एक विचारते. सगळ्यांना अट नको, ठीक. पण रोजच्या तत्काळ तारखांतल्या थोड्या तरी बाजूला ठेवायला काय हरकत आहे? दवाखाना आणि मृत्यू, एवढ्या दोनच कारणांसाठी. दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर त्या सगळ्यांना खुल्या. खोटे दाखले येतील हे मान्य. दहात दोन खोटे आले तरी आठ खरी माणसं पोचतील.

---

रानवाटा

एवढ्यापुरतं मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे, पण कागद नंतर तपासा. आधी स्वयंघोषणा घ्या, पासपोर्ट द्या, खोटं निघालं तर दंड करा. पासपोर्ट आधी देऊन पोलीस पडताळणी मागून करता येते, मग कारणाची पडताळणी मागून का नको?

बाकी अपर्णाताईंचंच खरं. तारखा वाढल्या तर आपलं भांडणच उरणार नाही.

---

दुबईकर_सातारी

यावर +१. एक भर घालतो. मुंबई, पुणे आणि नागपूर इथं क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयं आहेत. अशा प्रसंगी अर्ज क्रमांक आणि असतील ते कागद घेऊन तिथं थेट जाता येतं आणि अधिकाऱ्याला आपल्या अधिकारात लवकर बोलावता येतं. आमच्या गावच्या एका कुटुंबाचं काम असंच झालं, तिथल्या बाईंनी दवाखान्यातला व्हिडिओ कॉल बघून त्याच दिवशी आत घेतलं. पण हे गावात कुणाला ठाऊक असतं? काका पाच दिवस नेटवर बसले, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आणि जून २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, पडताळणी मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते. त्यामुळे आपल्या गावाजवळ तारीख नसेल तर शेजारच्या राज्यातलीही बघा. सोलापूरकराला कलबुर्गी जवळ पडतं.

---

नांदेडी

भांडणात पडत नाही, एक अडचण आहे. भाऊ मस्कतला असतो. वरचं वाचून आज रात्रीच घरातल्या सगळ्यांचे कागद काढून बसलो. ठरवलंय की काही कारण नसतानाच आईचा साधा पासपोर्ट काढून ठेवायचा, १५०० रुपयांत. आई ५८ वर्षांची आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र तिन्हींवर ‘सुमन’ आहे, शाळेच्या दाखल्यावर ‘सुमित्रा’. शाळा बंद पडून वीस वर्षं झाली. दाखला कुठून दुरुस्त करू?

---

कागदोपत्री

दादा, दाखला लावूच नका. आईंच्या वयाच्या माणसांना जन्मतारखेच्या पुराव्यासाठी पॅनही चालतं. जन्म दाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना आहे. आधी एवढं बघा की तिन्ही कागदांवर जन्मतारीख पूर्ण आणि एकच आहे. आधारवर नुसतं साल असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

दहावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून ‘ईसीआर’चा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल असा, शिक्का बसेल अशी भीती कुणी घातली तर तीही मनातून काढा. पन्नाशीच्या पुढच्यांना त्यातून सूट आहे.

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून भरा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत. आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका.

---

नांदेडी

आधारवर नुसतं सालच आहे. सोमवारी आईला घेऊन आधार केंद्रात जातो.